धोक्याचा इशारा घरापर्यंत कसा पोहोचतो?



गळीत हंगाम चालू असला म्हणजे कारखान्याचा भोंगा आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडतो. पाळी बदलली की भोंगा होतो. दारं धरणारा गडी घड्याळ बघत नाही, भोंग्यावर जेवायला उठतो. पंचक्रोशीत एकाच वेळी सगळ्यांच्या कानावर जाणारी, पैसे न पडणारी आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळणारी अशी ही सूचना आहे. आज ज्या विषयाची माहिती द्यायची आहे, त्याचं मूळ ह्या भोंग्यातच आहे. पूर, अतिवृष्टी, वीज, दरड अशा संकटाचा इशारा मुंबईहून निघून आपल्या वस्तीवर कसा येतो आणि कुठं अडकतो, हे समजून घ्यायचं आहे.

भोंग्यावरूनच सुरुवात करू. वाफेचा भोंगा वाजायला बॉयलर पेटलेला लागतो. बॉयलर पेटतो दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि विझतो उन्हाळ्यात. म्हणजे ज्या चार महिन्यांत नदी-ओढ्याला पाणी येतं, त्याच चार महिन्यांत भोंगा मुका असतो. बरं, विजेवरचा सायरन बसवावा, तर वादळ सुटलं की पहिली जाते ती वीज. साधन चांगलं, पण नेमक्या वेळेला ते चालेल का, हा प्रश्न वेगळा. राज्याच्या इशारा यंत्रणेचंही अगदी तसंच आहे.

वरून खाली येणारी साखळी

महाराष्ट्रात ह्या कामाला रीतसर वळण लागलं ते किल्लारीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात राज्याची आपत्ती व्यवस्थापन योजना आणि जिल्हा नियंत्रण कक्ष यांचं काम उभं राहिलं. पुढं २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी झाली आणि २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांवरची प्राधिकरणं त्या कायद्यानं आली. मंत्रालयात राज्याचा आपत्कालीन कार्य कक्ष आहे. जिल्ह्याचा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, त्याचा नंबर १०७७. खाली तहसीलदार, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल. कोतवालाच्या दवंडीपासून उपग्रहापर्यंत सगळं एकाच साखळीत आहे म्हणा ना.

पूर्वी अडचण ही होती की प्रत्येक खातं आपापल्या भाषेत बोलत असे. हवामान खातं पावसाचे मिलिमीटर सांगणार, जलसंपदा विभाग क्युसेक सांगणार, महसूल खातं पत्र काढणार. पत्र पोहोचेपर्यंत पाणी ओसरलेलं! यावर उपाय म्हणून जगभर इशाऱ्याचा एक ठरावीक नमुना मान्य झाला. त्यात ठरावीक रकाने असतात. इशारा कोणी दिला, कशाबद्दल, कोणत्या भागाला, किती तातडीचा, किती गंभीर, किती खात्रीचा, आणि लोकांनी काय करायचं. आपल्या उसाच्या वजनकाट्याच्या पावतीसारखंच हे. पावती कोणत्याही काट्यावरची असो, कुठला आकडा कुठं बघायचा हे आपल्याला माहीत असतं.

हा नमुना वापरून भारतात 'सचेत' नावाची यंत्रणा उभी केली आहे. तिचं तांत्रिक काम केंद्र सरकारच्या सी-डॉट संस्थेनं केलं. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग यांसारख्या संस्था इशारा तयार करतात, राज्याचं प्राधिकरण तो तपासून मंजूर करतं आणि मग मोबाईल कंपन्या तो त्या त्या भागातल्या फोनवर सोडतात. तयार करणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, वाटणारा वेगळा. यात एकमेकांशी मेळ बसला नाही तर काय होतं, ते पुढं येईलच.

हवामान खात्याचे रंगही नीट समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर गेला की 'अत्यंत जोरदार' पाऊस. २०२१ च्या जुलैत, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर झाला. त्याच पावसात, २२ जुलैला, पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या.

एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट

फोनवर इशारा दोन तऱ्हांनी येतो. एक साधा एसएमएस. तो एकेका नंबरला जातो. लाखो नंबर असतील तर रांग लागते. काट्यावर गाड्यांची रांग लागते तशी. शेवटच्या गाडीचं वजन व्हायला रात्र होते.

दुसरी तऱ्हा सेल ब्रॉडकास्टची. यात नंबरच लागत नाही. टॉवर आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनना एकदम सांगतो. कोण गावचा, कोण पाहुणा, कोण खंबाटकी घाटातून चाललेला ट्रकवाला, सगळ्यांना एकाच वेळी. फोन गप्प करून ठेवला असला तरी मोठ्यानं वाजतो आणि पडद्यावर मजकूर उभा राहतो.

२० जुलै २०२३ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांचे फोन असेच एकाएकी किंचाळू लागले, ते आपल्याला आठवत असेल. इंग्रजीतून आणि मराठीतूनही संदेश आला होता. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती, हे संदेशात लिहिलंही होतं. पण किती जणांनी वाचलं? कोणी फोन बंद केला, कोणी म्हणालं व्हायरस आला, आणि काही हुशार पोरांनी तर 'आता नको ही कटकट' म्हणून फोनमधली ती सोयच बंद करून टाकली. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधली सुद्धा. ती अजून बंदच असेल, तर खरा इशारा येईल तेव्हा त्या घरात फोन गप्प राहील.

त्या तारखेची आणखी एक आठवण आहे. आदल्याच रात्री, १९ जुलैला, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. सकाळी इकडं चाचणीचे फोन वाजत होते आणि तिकडं डोंगरावर माणसं ढिगारा उपसत होती. चाचणी अगोदर झाली असती तर वाडी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. मुसळधार पावसाचा इशारा होता, पण अमुक वाडीवर अमुक वाजता दरड येईल, एवढं नेमकं सांगणं आजही कोणाला जमत नाही. यंत्रणेची मर्यादा आहे ती. भूकंपाबाबत तर आणखीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा कोणाला आधी कळलं नव्हतं, आणि आजही कळत नाही. 'उद्या पहाटे भूकंप होणार' असा निरोप मोबाईलवर फिरत आला तर तो खोटा, असं बिनदिक्कत समजावं.

पाण्याचं मात्र तसं नाही. धरणातून सोडलेलं पाणी वाटेत वेळ घेतं. तो वेळ हीच आपली कमाई आहे, आणि बहुतेक वेळा आपण तीच वाया घालवतो.

वर पाऊस, इथं ऊन

आपला खंडाळा तालुका पर्जन्यछायेतला. जुलैत सुद्धा इथं कधी कधी धुळीचे लोट उठतात. पण नीरा नदी आपल्या उशाला आहे. भोरच्या घाटमाथ्यावर पाऊस लागला की भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणं भरत येतात, त्यांचं पाणी खाली वीर धरणात येतं. वीर भरलं की दरवाजे उघडावेच लागतात. मग आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना पाडेगावच्या बाजूला नदी फुगते. ज्याच्या अंगणात पावसाचा थेंब नाही, त्याला पुराची गोष्ट खरी वाटत नाही. ही आपल्या भागातली सगळ्यात घातक गोष्ट आहे.

आणि माणूस नदीत जातो कशाला? मोटर काढायला. विसर्ग सोडणार म्हटलं की काठावरचा शेतकरी बॅटरी घेऊन रात्री-अपरात्री नदीत उतरतो. मोटर, पाईप, स्टार्टर सगळं मिळून भलताच खर्च असतो. त्याचं चुकतं असं कोण म्हणेल? पण अंधारात, ओल्या केबलला हात लावत, पाणी चढत असताना तो खाली असतो. म्हणजे ज्या निरोपानं जीव वाचायचा तो उशिरा आला, तर तोच निरोप माणसाला नदीत उतरवतो! ह्यासाठी निरोप दिवसाउजेडी आणि पुरेसा आधी आला पाहिजे. हे धरणावरच्या माणसांनी, तहसीलदारांनी आणि आपण मिळून बसवायचं काम आहे.

हे बसवणं सोपं नाही, कारण नीरेचं पाणी एका जिल्ह्याचं नाही. वरची धरणं पुणे जिल्ह्यात. वीर धरणाच्या एका अंगाला पुरंदर, दुसऱ्या अंगाला आपला तालुका. पुढं फलटण, बारामती, माळशिरस करत नदी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे एका दरवाज्याचा निरोप तीन जिल्ह्यांच्या कक्षांना एकदम गेला पाहिजे. त्यात आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा स्नान करून पाडेगावला जिल्ह्यात येते. त्या दिवशी नदीच्या पात्रात माणूस किती असतं ते आपण पाहतोच. त्या वेळी पाणी कधी आणि किती सोडायचं, हे ठरवायला जलसंपदा, महसूल, पोलीस आणि पालखी सोहळ्याची माणसं एकत्र बसावी लागतात.

क्युसेक म्हणजे किती पाणी?

विसर्गाच्या बातमीत आकडा येतो तो क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या थोडं वर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला ओतले जात आहेत, असं समजा. हाच विसर्ग साधारण अठ्ठावीस तास चालला की एक टीएमसी पाणी खाली गेलं. वीर धरणाची साठवण साडेनऊ टीएमसीच्या आसपास आहे, हे डोक्यात ठेवलं म्हणजे अंदाज येईल.

पण खरं सांगायचं तर हिशेब करूनही पोट भरत नाही. 'दहा हजार क्युसेक सोडले' यावरून माझ्या मोटरीच्या खड्ड्यात पाणी येणार की नाही, ते मला कळत नाही. सांगली ह्या बाबतीत आपल्या पुढं आहे. तिथं कोणी क्युसेक विचारत नाही. 'आयर्विनला किती फूट?' एवढंच विचारतात. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आकडाच पुरेसा बोलका होता.

तरीही त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि १७ जण गेले. पूर येतोय हे गावाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणता येईल? पण ठाऊक असणं आणि वेळेवर बाहेर पडणं यांत अंतर असतं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं म्हणत होती, तेव्हा इथवर आलं होतं, आताही तेवढंच येईल. जुन्या अनुभवाचा असाही तोटा होतो. इशाऱ्यात 'मागच्या पुरापेक्षा जास्त' हे शब्द असले, तर असा माणूस लवकर हलतो. मजकुराला म्हणूनच फार किंमत आहे.

आपल्याकडं येणारा नेहमीचा मजकूर आठवा. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावे? जागं राहायचं की जनावरं सोडायची? त्याऐवजी असा निरोप बघा: 'आज दुपारी चार वाजता वीर धरणाचे दरवाजे उघडणार. मोटरी दोनच्या आत काढा. त्यानंतर नदीत कोणी उतरू नये. काठावरची जनावरं वर बांधा. पुढचा निरोप सहा वाजता.' पाच ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीत करायचं काम आहे. शेवटची ओळ विशेष महत्त्वाची. पुढची बातमी कधी येणार हे कळलं की माणूस अफवेच्या मागं लागत नाही.

देखभाल : खरं दुखणं इथं आहे

गाळप संपलं की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होतं. रोलर उतरतात, बेअरिंग बघतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. मग अग्निप्रदीपनाला मोळी टाकायला सगळे येतात. नळ्या तपासताना मात्र कोणी फोटो काढत नाही. पण हंगाम निघतो तो त्या तपासणीवर.

इशारा यंत्रणेचं ओव्हरहॉलिंग मे महिन्यात व्हायला हवं. आणि ते कंटाळवाणं काम असल्यामुळे मागं पडतं. मी एका गावात सायरन पाहिला. चांगला, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलेला. एकदा सहज वाजवून बघू म्हटलं तर खोलीची किल्ली सापडेना. ज्याच्याकडं होती तो लग्नाला गेलेला. किल्ली आली, तर बॅटरी उतरलेली. बॅटरी जोडली, तर आवाज आला पण गावातल्या कोणाला तो कशाचा हे कळलं नाही. एक आजी म्हणाली, शाळा सुटली वाटतं. साधन होतं, पण ते इशारा देईल अशी व्यवस्था कोणी केलीच नव्हती.

जपानमध्ये हे फार साध्या रीतीनं सोडवलं आहे. तिथं अनेक गावांत रस्त्यावर सरकारी कर्णे बसवलेले असतात, आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, बऱ्याच ठिकाणी पाचला, त्यावर एक छोटी धून वाजते. पोरं खेळ थांबवून घरी जातात. पण आतली गोष्ट ही की त्यामुळे कर्णा चालू आहे की नाही हे रोज तपासलं जातं. एक दिवस धून वाजली नाही की लोकच विचारायला जातात. आपल्याकडं मंदिराचा कर्णा रोज काकडआरतीला वाजतो. तो कधी बिघडल्याचं लपून राहतं का? मग गावच्या इशाऱ्यासाठी त्याचाच वापर ठरवून ठेवायला काय हरकत आहे? फक्त त्याला बॅटरीची जोड हवी.

दुसरं दुखणं नंबरांचं. पुणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांत पोलिसांच्या पुढाकारानं ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू झाली. एका ठरलेल्या नंबरवर फोन करून बोललं की तो आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो. चोरीच्या, बिबट्याच्या प्रसंगी तिचा उपयोग होतो, आणि पुराच्या प्रसंगीही होऊ शकतो. पण शब्द लक्षात घ्या, 'नोंदलेल्या'. पोरानं सिमकार्ड बदललं, सुनेचा नंबर कधी घातलाच नाही, म्हातारा मयत झाला तरी नंबर तसाच. दरवर्षी यादी झाडून घेतली नाही तर निम्मं गाव बाहेर राहतं.

चुकीचा इशारा गेला तर? १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. सराव चालू असताना कर्मचाऱ्याच्या हातून खराच संदेश सुटला होता. तो खोटा आहे असं फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली, कारण 'मागचा इशारा रद्द' असा मजकूर तयारच नव्हता. माणसं पोरांना घेऊन गटारांच्या झाकणांपर्यंत पळाली. आपणही हे ठरवून ठेवावं. धोक्याचा आवाज आणि धोका टळल्याचा आवाज वेगळा असला पाहिजे. नागरी संरक्षणाची जुनी पद्धत अशी की चढ-उतार करत वाजणारा सायरन म्हणजे धोका आणि एकसारखा लांब वाजणारा म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावातही लोकांना हीच ओळख करून दिली गेली. गावच्या भोंग्यालाही तीच खूण ठेवावी, नवी काढू नये.

कारखान्याच्या हातात काय आहे?

एक गोष्ट सरकारकडं नाही पण आपल्याकडं आहे. प्रत्येक प्लॉट कोणाचा, कुठल्या काठाला, पाणी कशावर, मालकाचा चालू नंबर कोणता, हे आपल्या चिटबॉयला पाठ असतं. उसाच्या वजनाचा मेसेज ज्या नंबरवर येतो तो नंबर माणूस सहसा चुकीचा देत नाही, कारण त्यात बिलाचा प्रश्न असतो! नदीवर मोटर असलेल्या सभासदांची गटवार यादी ह्याच नोंदीतून दोन दिवसांत निघू शकते. ती तहसील कचेरीला देता येईल आणि गट ऑफिसातही ठेवता येईल. विसर्गाचा निरोप आला की चिटबॉयनं पहिला फोन त्या यादीतल्या लोकांना करायचा.

ऊसतोड मजुरांना विसरू नका. ते दसऱ्यानंतर येतात, आणि अलीकडं परतीचा पाऊस ऑक्टोबरात झोडपतो. १४ ऑक्टोबर २०२० च्या सुमारास पंढरपूर भागात काय झालं ते आपण वाचलं आहे. बीडकडून आलेला मजूर पाण्याच्या सोयीसाठी कोपी ओढ्याच्या काठाला घालतो. गावच्या यादीत त्याचा नंबर नसतो आणि कुठला ओढा कधी येतो हेही त्याला ठाऊक नसतं. टोळीच्या मुकादमाचा नंबर यादीत घेतला आणि कोपी कुठं घालायची ते पहिल्या दिवशीच दाखवून दिलं, तर निम्मं काम झालं.

विजेचंही सांगून ठेवतो. आपल्या कोरड्या तालुक्यात पुरापेक्षा वळवाची वीज जास्त वेळा येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या जागेभोवती वीज पडत असल्याचं दाखवतं. रानात असताना इशारा आला तर झाडाखाली उभं राहू नये, पत्र्याच्या उघड्या शेडलाही टेकू नये. पक्क्या घरात जावं. दहा मिनिटांचं काम राहिलंय म्हणून पात धरून बसू नये.

येत्या मे महिन्यात गट ऑफिसला येताना प्रत्येक सभासदानं मोटरीची जागा, घरातल्या दोन माणसांचे चालू नंबर आणि नदीकाठच्या शेजाऱ्याचं नाव चिटबॉयकडं लिहून द्यावं. फोनमधली आपत्कालीन सूचनांची सोय चालू आहे की नाही ते तिथंच तपासून मिळेल. २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आलं होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर जागा दाखवावी. तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश गट ऑफिसकडून मिळेल.